वाचकांचे प्रश्न : यकृताचा दाह, कॅन्सर आणि पेशींचे निरोप

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे आहेत. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, सीआरपी (दाहात वाढणारं रक्तातलं प्रथिन) ९ आला. आयएल-६ नावाच्या प्रथिनामुळे लिव्हरचा कॅन्सर होतो असं वाचनात आलं. त्याची तपासणी करून घ्यावी का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. आयएल-६चा आकडा हाती आला तरी त्यावरून पुढे काही ठरवता येणार नाही. सीआरपी यकृतच तयार करतं आणि तेही मुख्यतः आयएल-६च्या हुकमावरून. पण हा हुकूम दाढ किडली, लघवीला जंतुसंसर्ग झाला, संधिवात बळावला तरी सुटतो. एकट्या सीआरपीवरून यकृताचं काही सांगता येत नाही.

कॅन्सरशी संबंध आहे तो असा. चरबी, दारू किंवा हिपॅटायटिसचा विषाणू यांमुळे यकृतपेशी मरत राहतात. यकृतातल्या कुप्फर पेशी, म्हणजे तिथल्या पहारेकरी पांढऱ्या पेशी, हा सडा पाहून टीएनएफ आणि आयएल-६ ही निरोप देणारी प्रथिनं सोडतात. आयएल-६ शेजारच्या यकृतपेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला चिकटतं, आतली जॅक एन्झाइमं स्टॅट-३ या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात आणि स्टॅट-३ची जोडी केंद्रकात जाऊन ‘मरू नका, वाढा’ या प्रकारची जनुकं चालू करते. एरवी तासा-दोन तासांत सॉक्स-३ हे प्रथिन हा सगळा प्रकार थांबवतं. इजा वर्षानुवर्षं चालू राहिली की डीएनए बिघडलेल्या पेशींनाही तोच निरोप मिळत राहतो. शिवाय व्रण भरता भरता यकृत जून, तंतुमय होतं.

म्हणून पाहायचं ते तंतुमयता किती आहे हे, आणि त्याचा पहिला अंदाज घरी कागदावर काढता येतो. फिब-४ म्हणजे वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या रक्ततपासणीतली दोन एन्झाइमं. प्लेटलेट हजारांत धरायच्या, रिपोर्टमध्ये १.८ लाख असेल तर १८०. समजा एसजीओटी ४८ आणि एसजीपीटी ६४ आहे : ६१ × ४८ = २९२८; १८० × ८ = १४४०; उत्तर साधारण २.०. आकडा १.३च्या खाली असेल तर गंभीर तंतुमयता बहुधा नाही, २.६७च्या वर असेल तर शक्यता बरीच. मधे आला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्यायचा. पासष्टीपुढे वयामुळेच आकडा फुगतो, म्हणून तिथे खालची मर्यादा २.० धरतात. सिरोसिस, म्हणजे तंतुमयतेची शेवटची पायरी, ठरलाच, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत एएफपी ही रक्ततपासणी. ही सहामाही चुकवू नये. गाठ लहान असतानाच शस्त्रक्रियेचा किंवा ती जाळून टाकण्याचा पर्याय हातात असतो.

प्रश्न : हेपजी२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृतगाठीच्या पेशींना २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आयएल-६ दोन तास दिलं. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची पद्धत) एकूण स्टॅट-३ ठळक दिसतं, फॉस्फो-स्टॅट-३चा, म्हणजे फॉस्फेट चढलेल्या स्टॅट-३चा, बँड मात्र नाही. ब्लॉकिंग (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून रिकामी जागा झाकणं) ५ टक्के दुधात केलं होतं. अँटिबॉडी खराब आहे का? – एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : अँटिबॉडीवर शेवटी या. पहिला संशय दोन तासांवर. स्टॅट-३च्या ७०५व्या टायरोसिनवरचं फॉस्फेट १५ ते ३० मिनिटांत कळसाला पोचतं आणि वर सांगितलेला सॉक्स-३ जागा झाला की उतरू लागतं. तुम्ही दिवा विझल्यावर खोलीत गेलात. ०, ५, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटं असे सहा खळगे लावा. आदल्या रात्री सीरम १० टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणा, नाहीतर शून्य मिनिटालाच बँड दिसेल. चोवीस तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवू नका. पेशींवर ताण येतो आणि ताणाचे निरोप वेगळेच सुरू होतात.

दुसरा संशय फॉस्फेट खरवडणाऱ्या एन्झाइमांवर. पेशी फुटल्याबरोबर ती मोकाट सुटतात. पेशी ट्रिप्सिन या एन्झाइमने सोडवू नका. ताटली बर्फावर ठेवा, थंडगार पीबीएस या मिठाच्या बफरने दोनदा धुवा आणि स्क्रेपरने खरवडा. पेशी फोडायच्या बफरमध्ये ही एन्झाइमं रोखायला १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आणि १० मिलिमोलर सोडियम फ्लुओराइड हवं. व्हॅनाडेट बाटलीतून काढून तसंच विरघळवलं तर ते अर्धवटच काम करतं, कारण त्याचे रेणू एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. पिवळा रंग ही त्याची खूण. २०० मिलिमोलर द्रावणाचा पीएच १० करा, रंग जाईपर्यंत उकळा, थंड झाल्यावर पीएच पुन्हा १०वर आणा. रंगहीन राहीपर्यंत हे परत परत करायचं. त्याच बफरमध्ये ईडीटीए किंवा डीटीटी असेल तर व्हॅनाडेटची ताकद जाते. तयार बफरच्या लेबलवर हे बघायचं बरेचदा राहून जातं.

दुधाबद्दल : त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फेटधारी असल्यामुळे फॉस्फो-ब्लॉटची पार्श्वभूमी काळी पडू शकते. ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या, धुण्यासाठी टीबीएस-ट्वीन हा बफर. दूध बँड सहसा गायब करत नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत तो गौण आरोपी.

आयएल-६ विरघळवताना ०.१ टक्का बीएसए घातलं होतं का? नसेल तर प्रथिन ट्यूबच्या भिंतीलाच चिकटून बसतं. छोटे छोटे वाटे करून गोठवा, वितळलेला वाटा परत गोठवू नका. एका खळग्यात जॅक रोखणारं रक्सोलिटिनिब १ मायक्रोमोलर अर्धा तास आधी द्या. तिथे बँड नाहीसा झाला तर बाकीच्या खळग्यांतला खरा. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची चाचणीही करून घ्या, कारण त्याची लागण झालेल्या पेशींचे दाहाचे निरोप आधीच बिघडलेले असतात.

आणि प्रबंधात हेपजी२ला ‘यकृताच्या प्रौढ कॅन्सरच्या पेशी’ म्हणू नका. त्या १५ वर्षांच्या मुलाच्या गाठीतून आल्या आणि ती गाठ आता हिपॅटोब्लास्टोमा, म्हणजे मुख्यतः लहान मुलांत होणारी यकृताची गाठ, मानली जाते. त्यांच्यात पी५३ हे गाठ रोखणारं प्रथिन शाबूत आहे. यकृताच्या कॅन्सरच्या इतर पेशीरेषांपैकी हूह७मध्ये ते बिघडलेलं आणि हेप३बीमध्ये नाहीच. निदान एका दुसऱ्या पेशीरेषेत निकाल पडताळल्याशिवाय ‘यकृताच्या कॅन्सरमध्ये’ असं वाक्य लिहू नये. पेशीरेषा पुण्यातच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या संग्रहातून मागवता येतात.

प्रश्न : आयएल-६ रोखणारं औषध संधिवातात वापरतात. तेच लिव्हरच्या कॅन्सरला का देत नाहीत? – कोल्हापूर

उत्तर : कारण तोच निरोप यकृत दुरुस्तही करतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आयएल-६चं जनुक नसलेल्या उंदरांच्या यकृताचा मोठा भाग कापला, तेव्हा ते नीट वाढून आलं नाही. कॅन्सरच्या रुग्णाचं उरलेलं यकृत बहुधा आधीच सिरोसिसचं असतं, त्याची भरपाईची ताकद काढून घेणं महागात पडू शकतं. दाहाची जनुकं चालू करणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाची गत आणखी चमत्कारिक. ते चालू करणारं आयकेके-बीटा हे एन्झाइम फक्त यकृतपेशींतून काढलं तेव्हा रसायनाने होणाऱ्या गाठी वाढल्या, कुप्फर पेशींतूनही काढलं तेव्हा कमी झाल्या. हे २००५चं काम. कोणता निरोप, याइतकंच तो कोणत्या पेशीत, हेही महत्त्वाचं. सध्या वापरात असलेली अ‍ॅटेझोलिझुमॅब-बेव्हॅसिझुमॅब ही औषधांची जोडी वेगळ्याच दोन निरोपांवर जाते : प्रतिकारपेशींना अडवणारा पीडी-एल१ आणि रक्तवाहिन्या वाढवणारा व्हीईजीएफ. दुसऱ्यामुळे रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून आधी एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघून घेतात.

प्रश्न : हा कॅन्सर पुरुषांत जास्त का? – सातारा

उत्तर : दारू आणि विषाणूंचं प्रमाण हे मोठं कारण. शिवाय २००७च्या उंदरांवरच्या प्रयोगात इस्ट्रोजेन कुप्फर पेशींचं आयएल-६ दाबतं असं दिसलं, आणि आयएल-६ नसलेल्या उंदरांत नर-मादी फरक जवळजवळ उरला नाही.

प्रश्न : हळद एनएफ-कप्पा-बी थांबवते म्हणतात. फॅटी लिव्हरसाठी करक्युमिनच्या गोळ्या आणि गुळवेल चालू आहे. ठीक ना? – ठाणे

उत्तर : ताटलीतल्या पेशींत थांबवते हे खरं. तिथे साधारण १० ते २० मायक्रोमोलर करक्युमिन ओततात. तैवानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोकांना रोज ८ ग्रॅम करक्युमिन दिलं, तरी रक्तातली सरासरी कमाल पातळी २ मायक्रोमोलरच्या आतच राहिली. हळदीत करक्युमिन सुमारे ३ टक्के; ८ ग्रॅमसाठी पाव किलोहून जास्त हळद लागेल. भाजीतली चिमूट चवीसाठी आहे, खुशाल घाला.

गोळ्यांचं तसं नाही. शोषण वाढावं म्हणून त्यांत मिऱ्यातलं पिपरीन घालतात, आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुळवेल घेतल्यावर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण आधीच आजारी यकृतावर हा जुगार खेळायचं कारण नाही. दोन्ही बंद करा, बाटल्या सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एसजीपीटी, बिलिरुबिन तपासून घ्या. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर मात्र त्याच दिवशी जा.