थैली कोणी मोजायची?

प्रश्न : सलाम काका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. राहुरी तालुक्यातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साठेक कुटुंबं आहेत. निम्मी शेतीवर, काही साखर कारखान्यात, बाकी नोकरीवाली. पाळकसाहेबांनी मला कारभारीपण समितीची, म्हणजे मंडळीचं देणं गोळा करणाऱ्या समितीची, अध्यक्ष व्हायला सांगितलं आहे. काम बिनपगारी, त्याचं काही वाटत नाही. पण लोकांकडे पैसे मागायचे म्हटलं की मला लाज वाटते. शिवाय आमचे मोठे दीर मंडळीचे खजिनदार आहेत. होकार द्यावा का?
— एक भगिनी

उत्तर : ताई, सलाम. दिरांची गोष्ट तुम्ही शेवटी 'शिवाय' म्हणून जोडलीत. मी बँकेत कॅशियर होतो आणि नंतर नऊ वर्षं आमच्या मंडळीचा खजिनदार. मला पहिल्यांदा तेच वाक्य दिसलं.

तुमचे दीर सज्जन असतील, मी धरूनच चालतो. तरी एकाच घरातली दोन माणसं, एक देणं गोळा करणार आणि दुसरा ते सांभाळणार, हे गावात खपत नाही. भक्ती संपून लोक चपला घालतात तिथेच कुजबुज सुरू होते. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेले पैसे नेताना प्रेषित पौलाने सोबत आणखी माणसं दिली. इतक्या मोठ्या रकमेबद्दल कोणी दोष काढू नये, असं कारण त्याने स्वतःच लिहून ठेवलंय (बायबल, २ करिंथ ८). पौलाला जी काळजी घ्यावी लागली ती तुम्हालाही घ्यावी लागेल. पाळकसाहेबांना सरळ सांगा : दिरांची मुदत संपल्यावर मी येते, नाहीतर ते खजिनदारपद सोडत असतील तर आत्ता येते. घरात दोन दिवस अबोला राहील. राहू द्या.

हे मिटलं की मोजणीचं बघा. थैली, म्हणजे भक्तीत जमलेलं दान, भक्तीनंतर लगेच, वेगवेगळ्या घरांतल्या दोघांनी मिळून मोजायची. कोणत्या नोटा किती, नाणी किती, हे कागदावर मांडून दोघांनी सही करायची आणि सोमवारी सगळी रक्कम बँकेत भरायची. दुकानदार घेत नाहीत म्हणून थैलीत आलेली दहाची नाणीसुद्धा. थैलीतून परस्पर मांडववाल्याला पैसे देणं बंद. आधी भरणा, मग खर्च. आणि पेटीवर चिकटवलेला क्यूआर कोड एकदा स्वतः स्कॅन करून बघा. मंडळीचं नाव येतंय की कोणाच्या चिरंजीवांचं? हसू नका, मी हे पाहिलंय.

आता लाजेचं. पहिले सहा महिने कोणाकडे एक रुपयाही मागू नका. फक्त सांगा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन मिनिटं उभं राहून वाचायचं : इतके आले, विजेला इतके गेले, डायोसिसला, म्हणजे बिशपांच्या कचेरीला, इतके, छपराला इतके, हातात इतके. आपली वडीलधारी मंडळी मिशनच्या काळात वाढलेली. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली, तेव्हापासून कित्येक पिढ्या शाळा, दवाखाना, पाळकाचा पगार, सगळं 'वरून' येताना लोकांनी पाहिलं. विजेचं बिल कोण भरतं हे आजही अर्ध्या मंडळीला माहीत नसतं. कळलं की माणसं आपणहून विचारतात, हा माझा अनुभव आहे.

मी मात्र उलटं केलं होतं. खजिनदार झाल्यावर पहिल्याच वर्षी वर्गणीच्या थकबाकीची यादी टाइप करून फळ्यावर लावली. बँकेची सवय! त्यात एका आजींचं नाव होतं, बाकी ३६० रुपये. त्या दर हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाच्या उपकारस्तुतीच्या सणाला, घरच्या कोंबडीची डझनभर अंडी आणायच्या. ती लिलावात जायची, पैसे सणाच्या जमेत पडायचे आणि आजींच्या नावापुढे वर्षभर शून्य. यादी लागल्यावर त्या यायच्याच बंद झाल्या. तीन रविवारांनी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, यादीबद्दल चकार शब्द काढला नाही. ते फार जड गेलं. गरीब विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, येशूने श्रीमंतांच्या दानापेक्षा मोठी मानली, यावरचं प्रवचन मी निदान वीसदा ऐकलं असेन.

म्हणून सांगतो, कोण किती देतं हे अध्यक्ष म्हणून तुम्हाला कळायचीही गरज नाही. तो आकडा पावती फाडणाऱ्याजवळ राहू द्या. मासिक पाकिटं नोकरीवाल्यांना ठीक आहेत; ज्याच्या उसाचं बिल कधी येईल हे कारखान्यालाच ठाऊक, त्याला दर महिन्याचा संकल्प करायला लावू नका. त्याने पीक आल्यावर द्यावं, धान्यात दिलं तरी नावावर जमा धरावं. मिझोरमच्या बाया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. १९१० पासूनची रीत आहे ती, आणि त्यावर तिथली चर्चं मोठी कामं चालवतात.

कायद्याची एक बाब. कोणाचा मुलगा दुबईत किंवा अमेरिकेत असेलच. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी धरत नाहीत. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र ती परकीय देणगी होते. एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची, परवानगी नसेल तर घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

आणि हंगामाच्या सणाला लिलाव कोण पुकारणार, हे आधीच ठरवून घ्या. आमच्याकडे एका भोपळ्यावरून दोन व्याही ईर्षेला पेटले, बोली अकराशेपर्यंत गेली आणि तो भोपळा शेवटी माझ्याच घरी आला, कारण घेणाऱ्याच्या बायकोने त्याला घरात येऊ दिलं नाही. भोपळ्याला, म्हणजे.