गाडीचा सल्ला : ऑल्टो ८०० आणि कुंभार्ली घाट

प्रश्न : आम्ही दोघं शिक्षक, चिपळूणला राहतो. महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटातून कराडला माझ्या आईकडे जातो. सोबत आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई असतात. आजवर एसटीनं गेलो. आता ओळखीतली २०१७ची ऑल्टो ८०० दोन लाख तीस हजारांना मिळतेय, ४६ हजार किलोमीटर चाललेली. आधी चिपळूणमध्येच होती. यांचं म्हणणं, घेऊन टाकू. घ्यावी का?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, ही गाडी चांगली आहे, पण तुमच्या रस्त्यासाठी मी ती घेऊ देणार नाही.

आधी तिच्या बाजूनं बोलतो. कराडच्या माझ्या गॅरेजात या गाड्या किती खोलल्या याचा हिशेब नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं साधं इंजिन. बोनेट उघडलं की हात सगळीकडे पोचतो. क्लचप्लेट, ब्रेकशू तालुक्याच्या गावातही मिळतात आणि कुठलाही मिस्त्री न घाबरता हात घालतो. बाजारपेठेच्या बोळात ती सहज वळते. शाळा, भाजी, दवाखाना एवढंच असतं तर मी लगेच होकार दिला असता.

पण तुम्हाला घाट चढायचाय. इंजिनाची ताकद ४८ अश्वशक्तीच्या आसपास. गाडीचं वजन सातशे-साडेसातशे किलो, त्यावर तुम्ही चौघं आणि सामान मिळून अडीचशे. चढाला पहिला-दुसरा गीअर, एसी बंद, आणि पुढे लादलेला ट्रक. गाडीला दम नसला की माणूस कंटाळतो आणि नको त्या वळणावर ओव्हरटेकला गाडी बाहेर काढतो. मला भीती वाटते ती त्या क्षणाची.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं जानेवारी २०१४मध्ये ताशी ६४ किलोमीटरच्या टक्कर-चाचणीचे निकाल जाहीर केले. त्यात बिनएअरबॅगच्या ऑल्टो ८००ला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. सांगाडाच इतका चेपला, की एअरबॅग असती तरी फारसा उपयोग झाला नसता. तुम्हाला मिळणाऱ्या २०१७च्या गाडीत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. चालकाची एअरबॅगही तेव्हा फक्त पर्याय म्हणून मिळायची. पावसाळ्यात घाट उतरताना ओल्या वळणावर ब्रेक दाबला आणि चाकं जाम झाली, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. एबीएस असतं ते यासाठीच.

मी असतो तर एप्रिल २०१९ ते २०२० या काळातली ऑल्टो के१० शोधली असती. ९९८ सीसी, ६८च्या आसपास अश्वशक्ती, त्यात एबीएस आणि चालकाची एअरबॅग. घाटात फरक पहिल्याच चढाला कळतो. सांगाडा तिचाही भक्कम म्हणणार नाही, त्यामुळे वेग आवरूनच चालवा. पन्नास-साठ हजार जास्त जातील. पगारदाराच्या घरात तेवढे उभे करायला काय लागतं ते मला ठाऊक आहे, तरी सांगतो, सहा महिने थांबा, पण तीच घ्या. मुलगी मागच्या सीटवर, बेल्ट लावून. आजीच्या मांडीवर कधीच नाही.

आणि कोणतीही गाडी घ्या, चिपळूणची असेल तर एक गोष्ट तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका. २२ जुलै २०२१च्या पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी कुठवर चढलं होतं ते तुम्ही पाहिलंय. त्यानंतर काही महिन्यांनी माझ्याकडे एक गाडी आली. आतून चकाचक, नवी सीटकव्हर. तक्रार अशी, की पाऊस लागला की हेडलाइट आपोआप लागतात. डॅशबोर्ड उतरवला तर वायरिंगच्या जोडांवर हिरवा गंज आणि ब्लोअरमध्ये वाळलेला गाळ. मालक ड्रायव्हरकी करून पैसे साठवलेला तरुण पोरगा. तो तिथेच, स्टुलावर बसून राहिला.

म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. टोकाजवळच्या पट्ट्यावर मातकट रेघ दिसली तर तिथूनच परत फिरा. पुढच्या सीटा मागे सरकवून खालच्या बोल्टवरचा गंज बघा. स्टेपनी काढून त्या खळग्यात बोट फिरवा. कार्पेट उचलून वास घ्या. विमा कंपनीकडून २०२१-२२चा क्लेम झाला होता का, हे मालकालाच काढून आणायला सांगा. खरा माणूस नाही म्हणणार नाही.

प्रश्न : माझ्या ऑल्टो ८००ला बाहेरून सीएनजी किट बसवू का? रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटर.
– एक वाचक, हडपसर

उत्तर : रोज ४० किलोमीटर असेल तर पैसे वसूल होतात. मात्र डिकी मुळातच १७७ लिटरची, टाकी बसली की गावाला जाताना बॅगा मागच्या सीटवर. किट मान्यताप्राप्त केंद्रातच बसवा, आरसीवर नोंद करा आणि विमा कंपनीला कळवा. नाहीतर क्लेमच्या वेळी अडकाल. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी करायची असते. टाकीवरच्या पाटीवर तारीख कोरलेली असते, तिचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.