पेमेंट कंपनीचा शेअर घेताना साध्या माणसाने काय बघायचं?

तुम्ही विचारलंय की फोंड्यात चहाच्या गाड्यापासून फार्मसीपर्यंत सगळीकडे साउंडबॉक्स बोलतोय, मग या कंपन्यांचे शेअर घेऊन पाच-दहा वर्षं ठेवले तर चालतील का, आणि अकाउंट्स शिकलेलं नसताना कंपनी तपासायची कशी. मी सीए नाही, म्हापशात हार्डवेअरचं दुकान आहे, पण या धंद्याचं एक टोक रोज माझ्या काउंटरवर असतं आणि थोडेफार शेअरही घेतो, त्यामुळे जे समजलंय ते सांगतो.

आधी एक करा, साउंडबॉक्स मोजू नका. आमच्याकडे सकाळी सायकलवरून येणारा पोदेरसुद्धा पावाचे पैसे क्यूआरवर घेतो. ऑगस्ट २०२५ मध्ये तर देशात एका महिन्यात यूपीआय व्यवहारांची संख्याच २००० कोटींच्या वर गेली. पण १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर एमडीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराकडून घेतला जाणारा कट, शून्य आहे, म्हणजे कापायला काही नाहीच. सरकारने २०२४-२५ साठी छोट्या दुकानदारांच्या २००० रुपयांपर्यंतच्या यूपीआयवर ०.१५ टक्के प्रोत्साहन ठेवलं, अंदाजे १५०० कोटींची योजना, पण ते बँका आणि अ‍ॅपवाल्या कंपन्या अशा सगळ्यांत वाटलं जातं आणि दर वर्षी सरकार ठरवेल तेवढंच.

आता माझ्या काउंटरवरचा हिशोब बघा. समजा पेडण्याकडे व्हिला दुरुस्त करणाऱ्याने १०,००० चा रंग आणि फिटिंग घेतलं. यूपीआयने दिले तर मला पूर्ण १०,००० येतात. क्रेडिट कार्ड घासलं आणि समजा कट १.८ टक्के असला तर १८० रुपये गेले, वर त्यावर १८ टक्के जीएसटी. त्या १८० मधला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा, थोडा व्हिसा किंवा मास्टरकार्डचा, आणि जे उरतं ते मशीनवाल्या कंपनीचं. म्हणून प्रेझेंटेशनमध्ये पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात "इतक्या लाख कोटींचे व्यवहार" असं असतं ना, ते दुसऱ्याचे पैसे आहेत, कंपनीच्या हातून फक्त गेले. तुम्ही नफा-तोट्याच्या पानावर खर्चात "पेमेंट प्रोसेसिंग चार्जेस" ही ओळ शोधा, पेमेंटच्या कमाईतून ती वजा करा, उरलेला आकडा आठ तिमाह्यांचा एका कागदावर लिहून काढा. व्यवहार दुप्पट झाले आणि हा आकडा तिथेच राहिला असेल तर मी तो शेअर घेत नाही.

मग या कंपन्या कमावतात कशावर? मशीन आणि साउंडबॉक्सचं महिन्याचं भाडं, आणि दुकानदारांना दुसऱ्या बँकांची कर्जं मिळवून देण्याचं कमिशन. भाडं मला चांगली कमाई वाटते, पण चिकटून राहील याची खात्री नाही. गेल्या वर्षी चवथीच्या आधी, ऐन गर्दीत, माझ्या मशीनवरचे पैसे दोन दिवस अडकले, फोनवर कोणी धड बोलेना, शेवटी मी दुसऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावलं आणि एका दुपारीत नवीन मशीन लागलं. गिऱ्हाइकाला फरक कळलासुद्धा नाही. इतक्या सहज दुकानदार बदलत असतील तर भाडं वाढवायची ताकद कंपनीकडे किती, हे तुम्हीच तुमच्या ओळखीच्या चार दुकानदारांना विचारा, त्यासाठी कुठला रिपोर्ट लागत नाही.

कर्जाचं कमिशन गोड दिसतं पण दोरी दुसऱ्याच्या हातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये आरबीआयने बँकांच्या विनातारण ग्राहक कर्जांवरचं रिस्क वेट १०० वरून १२५ टक्के केलं, म्हणजे अशा कर्जामागे बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागणार, डिसेंबरात पेटीएमने ५० हजारांखालची कर्जं कमी करणार म्हणून सांगितलं आणि शेअर एका दिवसात २० टक्क्यांच्या आसपास पडला. त्यानंतर ३१ जानेवारी २०२४ ला आरबीआयने पेटीएमच्या पेमेंट्स बँकेवर बंधनं घातली, लागोपाठ दोन दिवस २० टक्क्यांचं लोअर सर्किट, म्हणजे शेअर एका दिवसात पडू शकतो त्या मर्यादेपर्यंत पडला. २०२१ च्या आयपीओत, म्हणजे कंपनीने पहिल्यांदा लोकांना शेअर विकले तेव्हा, २१५० ला घेऊन बसलेल्या लोकांनी हे सगळं पाहिलं. म्हणून लायसन कुठलं आहे, आरबीआयने आधी काय काय सांगितलंय, हे वार्षिक अहवालात जोखमीच्या भागात असतं, ते कंटाळवाणं वाटलं तरी वाचाच.

नफा दिसला की तो कुठून आला तेही बघा. पेटीएमनेच २०२४ मध्ये तिकिटांचा धंदा झोमॅटोला २०४८ कोटींना विकला आणि त्या तिमाहीत ९३० कोटींचा नफा दिसला, पण त्यात विक्रीचे एकदाच येणारे १३४५ कोटी होते, ते काढले तर तोटाच. कंपनीने लपवलेलं नव्हतं, "एक्सेप्शनल आयटम" म्हणून वेगळी ओळ होती, फक्त हेडलाइन वाचणाऱ्याला ती दिसत नाही.

रोख रकमेचंही तसंच. दुकानदारांचे पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे दुसऱ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या खात्यात असतात, ते कंपनीचे नव्हेत, त्यामुळे ताळेबंदातल्या रोख रकमेखालची टीप वाचा. जर्मनीची पेमेंट कंपनी वायरकार्ड २०२० मध्ये बुडाली ती अशाच ट्रस्ट खात्यांत असलेले म्हणून दाखवलेले १.९ अब्ज युरो मुळात नव्हतेच म्हणून, आणि ती त्यांच्या डॅक्स या मुख्य निर्देशांकातली कंपनी होती.

किमतीबद्दल, माझ्या मते पाच-दहा वर्षं ठेवायचं असेल तर आयपीओत घाई करायचं काहीच कारण नाही. लिस्ट झाल्यावर चार तिमाह्यांचे निकाल एनएसई-बीएसईच्या साइटवर फुकट मिळतात, तोपर्यंत पैसे एफडीत ठेवा. आणि "ईसॉपच्या आधीचा ईबिटडा" (कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचा खर्च, व्याज, कर आणि घसारा धरण्याआधीचा नफा) असा आकडा कुणी दाखवला तर त्यातून ईसॉपचा खर्च वजा करूनच बघा, कर्मचाऱ्यांना वाटलेल्या शेअरमुळे कंपनीतला तुमचा वाटा तेवढा कमी होतो.