चेहरा ओळखीचा, पण कोण?

प्रश्न : परवा एका लग्नात पैठणी नेसलेल्या बाई हसत पुढे आल्या, "काय वहिनी, ओळखलं नाहीत?" चेहरा अगदी रोजचा, पण कोण ते काही केल्या आठवेना. घरी आल्यावर ह्यांनी सांगितलं, बँकेत आपलं पासबुक भरून देतात त्या! दहा वर्षं दर महिन्याला भेटते हो मी त्यांना. वय ६१. विस्मरणाची ही सुरुवात तर नाही?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, निर्धास्त राहा. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मँडलर यांनी १९८० साली हाच घोटाळा मांडला होता. त्यांच्या उदाहरणात बसमध्ये दिसलेला खाटीक होता, तुमच्याकडे पैठणीतल्या बँकेच्या बाई.

"हिला पाहिलंय" आणि "हिला कुठे पाहिलंय" ही मेंदूची दोन वेगळी कामं. वस्तू आणि चेहरे ओळखीचे वाटण्यात मेंदूच्या पेरिऱ्हायनल कॉर्टेक्स या भागाचा मोठा वाटा, तर जागा आणि प्रसंग यांत शेजारच्या पॅराहिपोकॅम्पल कॉर्टेक्सचा. या दोन्हींची गाठ मारतो हिपोकॅम्पस हा मेंदूचा तिसरा भाग. तुमच्या लग्नात पहिलं काम चोख झालं. दुसऱ्याला धागाच मिळाला नाही, कारण समोर ना काउंटर, ना काच, ना रांग.

माझी फजिती सांगतो. मेडिकल कॉलेजातून निवृत्त झाल्यावर दादर स्टेशनात एका सफारीवाल्या गृहस्थांनी वाकून नमस्कार केला. मी आपला "बरं आहे ना? मुलं काय करतात?" असं गुळमुळीत बोलत राहिलो. ते वळले, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा खळखळला आणि शवविच्छेदन हॉलचं कुलूप डोळ्यांपुढे आलं. पाठोपाठ फॉर्मलिनचा वास, आणि मग नाव. आमचे हॉल अटेंडंट! २२ वर्षं खाकीत पाहिलेला माणूस. हाक मारेपर्यंत ते जिना चढून गेले होते.

(जागा आणि आठवण यांचं नातं दाखवणारा, पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हरांचा प्रयोग तुम्ही वाचला असेल : पाण्याखाली ऐकलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले. १९७५चा, फार गाजलेला. पण २०२१मध्ये तसाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो फरक दिसला नाही. म्हणून मी त्यावर फार भिस्त ठेवत नाही.)

पुढच्या वेळी नावाशी झटापट नको. मनातल्या मनात त्या माणसाला दुकानात, दवाखान्यात, बँकेत उभं करून बघा. तुमच्या ह्यांनी "बँक" म्हणताच तुम्हाला सगळं लख्ख आठवलं ना? तसं आठवलं नसतं, किंवा नेहमीच्या रस्त्यावर चुकायला लागलात, तर मात्र डॉक्टरांना दाखवायला हवं. तूर्तास पासबुक भरायला जाल तेव्हा पैठणी कुठून घेतली ते विचारा, म्हणजे त्यांचाही राग जाईल.