नाओशिमाचा भोपळा वाहून गेला, आता तिथे डुप्लिकेट आहे, मग जायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ओसाका-क्योटोच्या ट्रिपमध्ये एक सोमवार मोकळा आहे, नाओशिमा या कलाकृतींसाठी प्रसिद्ध असलेल्या बेटावर जायचं मनात आहे, पण समुद्राकाठचं ते फेमस शिल्प, पिवळा भोपळा, वादळात गेलं आणि आता डुप्लिकेट ठेवलाय असं कुणीतरी सांगितलं, मग एवढी तंगडतोड कशाला. मी कोबेला राहते, भारतातून पाहुणे आले की या बेटांवर चक्कर होतेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वाहून गेला हे खरं आहे. ९ ऑगस्ट २०२१, टायफून आलेला, लाटांनी उचलून नेला आणि तो पाण्यात गटांगळ्या खातानाचा व्हिडिओ जगभर फिरला. जपानी चित्रकार-शिल्पकार यायोई कुसामा बाईंनी हा भोपळा १९९४ च्या एका ओपन-एअर प्रदर्शनासाठी केला होता, तो तिथेच राहिला. माणसापेक्षा उंच, फायबरचा, आतून पोकळ, आणि ठेवलाय कुठे तर समुद्रात घुसलेल्या एका जुन्या धक्क्याच्या अगदी टोकाला. वादळाचा इशारा आला की तिथली माणसं तो उचलून आत नेऊन ठेवायची, वर्षानुवर्षं हेच चाललेलं, त्या दिवशी लाटा आधी पोचल्या इतकंच. ऑक्टोबर २०२२ मध्ये नवा बसवला, कवच आधीपेक्षा जाड केलं. आता याला डुप्लिकेट म्हणायचं असेल तर म्हणा बापडे, पण तो कुसामांचाच आहे, त्याच जागी आहे, आणि खरं सांगू का, ती जागा हेच अर्धं काम आहे. तोच भोपळा म्युझियमच्या हॉलमध्ये ठेवला तर दोन मिनिटं बघून पुढे जाल. इथे मागे निळं-करडं पाणी, त्यातून जाणाऱ्या मालवाहू बोटी, पलीकडे शिकोकू या मोठ्या बेटाचे डोंगर, आणि पुढ्यात हे काळ्या ठिपक्यांचं पिवळंधमक धूड. फोटोसाठी रांग असते. फोटो काढा, पण मग धक्क्यावरून मागे येऊन वाळूत बसा थोडा वेळ, लांबून तो जास्त चांगला दिसतो हे माझं मत.

कोकणात घर असलेल्यांना खाऱ्या वाऱ्याचं मी काय सांगणार, खिडकीच्या गजाला रंग देऊन वर्ष होत नाही तोवर पोपडे सुटतात. उघड्यावरच्या कलाकृतींचं तसंच असतं, एकदा बसवलं आणि विसरलो असं होत नाही, सतत कुणीतरी राबत असतं. नाओशिमाच्या अलीकडे मुख्य भूमीवर उनो बंदर आहे, तिथे ‘उनोचा चिनू’ म्हणून एक भलामोठा मासा उभा आहे, सगळा कचऱ्याचा, प्लास्टिकचे डबे, पाइप, मोडकी खेळणी, जवळ जाऊन एकेक वस्तू ओळखत बसायला मजा येते. त्याच्या अंगावरचा कचराही मधूनमधून बदलतात. त्याला कोणी डुप्लिकेट म्हणत नाही.

हे सगळं नाओशिमातच का, तर बेटाच्या उत्तरेला १९१७ पासून मित्सुबिशीचा तांबं गाळायचा कारखाना आहे, त्याच्या धुराने डोंगर बोडके झाले होते. १९८५ मध्ये तिथले महापौर आणि ओकायामाच्या फुकुताके प्रकाशनाचे (आताची बेनेसे कंपनी) मालक भेटले, दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर मुलांसाठी काहीतरी चांगलं करू असं ठरलं. १९८९ मध्ये कॅम्पसाइट झाली, १९९२ मध्ये वास्तुविशारद तादाओ आंदोंनी बांधलेलं बेनेसे हाउस (म्युझियम आणि हॉटेल एकत्र), आणि मग कलाकृती वाढत गेल्या. उत्तरेचा कारखाना आजही चालू आहे.

आता सोमवार. बेटावरचं चिचू हे कला-म्युझियम सोमवारी बंद असतं (सोमवारी सरकारी सुट्टी आली तर उघडं असतं आणि मंगळवारी बंद). ते बघायचंच असेल तर दिवस बदला आणि तिकीट आधी ऑनलाइन काढा. पण उघड्यावरच्या कलाकृतींना सोमवार-मंगळवार नसतो, आणि बेनेसे हाउसचं म्युझियमही वर्षभर उघडं असतं. तिथे फोटोग्राफर हिरोशी सुगिमोतोंचे समुद्राचे कृष्णधवल फोटो चक्क उघड्या गच्चीच्या काँक्रीटच्या भिंतींवर टांगलेत, अर्धं पाणी अर्धं आकाश, दुसरं काही नाही, आणि नजर वर केली की खरं क्षितिज समोर. एक फोटो तर लांबच्या कड्यावर लावलाय, शोधावा लागतो. बहुतेक लोक इथून भराभर जातात, तुम्ही नका जाऊ, मला भोपळ्यापेक्षा हे जास्त आवडतं. खाली हिरवळीवर शिल्पकार निकी द सँ फालचे रंगीबेरंगी उंट, हत्ती वगैरे आहेत, पोरं खूश होतात. कुसामांचाच लाल भोपळा (२००६) नाओशिमाच्या मियानौरा बंदरावर उतरल्या उतरल्या दिसेल, त्याच्या पोटात शिरता येतं.

रूट: शिन-ओसाकाहून शिनकानसेनने ओकायामा, तिथून लोकलने उनो, बहुतेकदा चायामाचीला गाडी बदलावी लागते, मग वीस मिनिटांची फेरी. बेटावर इलेक्ट्रिक सायकल भाड्याने घ्या, चढ आहेत, साध्या सायकलने दम निघेल. बेनेसेच्या आवारात सायकल नेता येत नाही, तिथे चालायचं किंवा त्यांची शटल.

दुसरा दिवस काढता आला तर शिकोकूवरच्या ताकामात्सु शहरातून मेगिजिमा या छोट्या बेटावर जा, फेरीने वीसच मिनिटं. बंदराच्या भिंतीवर सीगल पक्ष्यांच्या सुमारे तीनशे फिरत्या प्रतिकृती ओळीने बसवल्यात, वाऱ्याची दिशा बदलली की सगळे एकदम तिकडे तोंड करतात. वारा पडलेला असला की मात्र नुसते बसून असतात.

शाकाहारी असाल तर डबा न्या. उदोनच्या (जाड नूडल्सच्या) रश्श्यात मासा असतोच, आणि सोमवारी बेटावरची बरीच हॉटेलंही बंद असतात. उनोला चढण्याआधीच ओकायामा स्टेशनवर उमेबोशीची ओनिगिरी (खारवलेल्या आंबट फळाचा भाताचा गोळा) घेऊन ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येत असाल तर आदल्या रात्री हवामान बघा, टायफून जवळ असेल तर फेऱ्याही रद्द होतात आणि भोपळाही आत नेलेला असेल.