ओपन बॅफलचा बास हरवलाय? अ‍ॅम्प बदलू नका, आधी स्पीकर पुढे ओढा

ओपन बॅफल म्हणजे पेटीऐवजी नुसत्या उघड्या फळीवर बसवलेला स्पीकर. तुमची मांडणी अशी: १८ मिमी प्लायची दीड फूट रुंद फळी, त्यावर १५ इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा स्पीकर), मागची भिंत फूटभरावर, आणि तबल्यातला डग्गा गायब. म्हणून दुप्पट पॉवरचा अ‍ॅम्प घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून घेऊ नका.

वूफरचा कोन, म्हणजे पुढेमागे हलणारा शंकूसारखा पडदा, पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ती खेचतो. कॅबिनेट नसल्यामुळे मागची उलटी लहर फळीला वळसा घालून पुढे येते आणि खालचे सूर खाऊन टाकते. तुमच्या रुंदीला ही घट साधारण २५० हर्ट्झपासून जाणवू लागते आणि त्याखाली दर सप्तकाला ६ डेसिबलने वाढते. म्हणजे ६० हर्ट्झला सुमारे १२ डेसिबल कमी. तेवढं भरून काढायला १६ पट पॉवर लागेल. दुप्पट पॉवरने जेमतेम ३ डेसिबल मिळतात. शिवाय पॉवर वाढवत गेलात तर वूफरचा कोन हलण्याची मर्यादा आधी संपेल.

आता भिंतीचं. बंद पेटीचा स्पीकर भिंतीला टेकवला की बास वाढतो. इथे नेमकं उलटं होतं. मागची लहर उलटी असते आणि भिंतीवरून उलटीच परत येते. अंतर फूटभर असेल तर खालचा बास तर मरतोच, वर ५७० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, तोही ऐन गळ्याच्या पट्ट्यात. स्पीकर मीटरभर पुढे आणा. तोच परावर्तित आवाज मग ८५ हर्ट्झच्या आसपास मदतीला येतो, आणि ६ मिलिसेकंद उशिरा पोचल्यामुळे गायक भिंतीला चिकटलेला वाटत नाही. माझ्या १० बाय १२ च्या खोलीत मी रोज ऐकायला बसताना स्पीकर पुढे ओढतो, उठताना मागे सरकवतो. घरच्यांना त्रास होतो, पण दुसरा इलाज मला सापडलेला नाही.

मागच्या भिंतीवर जाड पडदे लावू नका. पुस्तकांचं अस्ताव्यस्त भरलेलं कपाट कितीतरी चांगलं. फळीच्या कडेच्या दिशेला आवाज जवळजवळ शून्य असतो, म्हणून स्पीकर आत वळवून ती कड बाजूच्या भिंतीकडे रोखा. अरुंद खोलीत याचा फार फायदा होतो.

एवढं करूनही डग्गा भरला नाही, तर फळीच्या दोन्ही कडांना मागे फूटभर खोल पंख जोडा आणि वूफरचा क्यूटीएस (कोनाच्या हालचालीवर किती लगाम आहे ते सांगणारा आकडा) तपासा. ०.७ च्या आसपास असेल तर छान. ०.३ असेल तर तो वूफर पेटीसाठीच बनलाय. तेव्हा इक्वलायझर (हवे ते सूर वाढवणारं-कमी करणारं साधन) लागेलच, आणि त्यात कमीपणा नाही. स्पीकर-रचनाकार झिगफ्रीड लिंकविट्झ यांच्या ओरायन या ओपन बॅफल स्पीकरमध्येही बासची घट इक्वलायझरनेच भरून काढलेली होती.

स्पीकर हलवण्याआधी आणि नंतर एकच विलंबित ख्याल लावून ऐका, आणि वूफरचा क्यूटीएस इथे कळवा.