नव्या चेतापेशी, जुन्या आठवणी

प्रश्न : माझं वय ५८. दोन वर्षांपासून जर्मन शिकतेय. ‘फेरश्टेएन’ म्हणजे समजणं आणि ‘एंटश्टेएन’ म्हणजे निर्माण होणं. ही जोडी रोज घोकते आणि रोज गल्लत करते. मेंदूतल्या पेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच, असं आम्हाला शिकवलं होतं. आता मुलगी म्हणते, मोठेपणीही नव्या तयार होतात. मग माझं पाठांतर सुधारायला नको का?

उत्तर : तुम्हाला जे शिकवलं तेच मीही शरीररचनेच्या वर्गात कित्येक वर्षं शिकवलं, अगदी ठामपणे. त्याची खंत आजही वाटते, कारण उलट पुरावा तेव्हाच छापून आलेला होता. १९६५ मध्ये जोसेफ आल्टमन आणि गोपाल दास यांनी उंदरांच्या मेंदूत जन्मानंतर तयार झालेल्या चेतापेशी दाखवल्या होत्या. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. माणसातला पुरावा आला १९९८ मध्ये. कर्करोगाच्या पाच रुग्णांना तपासणीसाठी एक रसायन दिलं होतं. हे रसायन विभाजन होणाऱ्या पेशीच्या डीएनएत जाऊन बसतं. मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूतल्या काही चेतापेशींत ती खूण सापडली. तो शोधनिबंध वाचला आणि पुढच्याच तासाला मी वर्गात माझं जुनं वाक्य मागे घेतलं.

या नव्या पेशी सापडल्या ती जागा म्हणजे हिप्पोकॅम्पस या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागातला डेंटेट जायरस. जांभळा रंग दिलेला मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की फिकट भागात एक गडद, दुमडलेली पट्टी उठून दिसते. पेशी इतक्या दाटीवाटीनं बसलेल्या असतात की त्या मोजायला गेलं तर डोळे शिणतात. या पट्टीच्या आतल्या कडेला नव्या पेशी जन्मतात. बऱ्याचशा काही आठवड्यांतच मरतात. उंदीर त्या काळात काही कठीण शिकत असेल, तर जास्त टिकतात.

तुमच्या प्रश्नात एक समज दडलेला आहे : पेशी वाढल्या की साठवण वाढली. उंदरांवरचे प्रयोग वेगळंच सांगतात. २००९ मधल्या एका प्रयोगात किरणोत्सर्गानं नव्या पेशींची निर्मिती थांबवली. त्या उंदरांना एकमेकींपासून लांब असलेल्या दोन जागा नीट ओळखता येत होत्या, पण जागा जवळजवळ आल्या की गल्लत व्हायची. म्हणजे सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं, या कामात नव्या पेशींचा हात आहे. तुमच्या दोन क्रियापदांशी याचं साम्य मलाही जाणवलं, पण जागांवरून थेट शब्दांवर उडी मारणं धाडसाचं होईल.

दुसरी बाजू मला जास्त विलक्षण वाटते. २०१४ मध्ये उंदरांत असं दिसलं की काही शिकल्यानंतर नव्या पेशी भराभर वाढवल्या, तर आधी शिकलेलं पुसट होतं. नव्या पेशी जुन्या जोडण्यांमध्ये घुसतात आणि घडी विस्कटते. उंदरांच्या पिल्लांत ही निर्मिती मंदावली, तर लहानपणीची आठवण जास्त टिकली. आपल्याला पहिल्या दोन-तीन वर्षांतलं काही का आठवत नाही, याचं एक कारण इथे असू शकेल.

माणसात हे कितपत चालतं, यावर मोठा वाद झाला. २०१८ मध्ये महिन्याभराच्या अंतरानं दोन निबंध आले. एक म्हणाला, प्रौढांत नव्या पेशी सापडतच नाहीत. दुसरा म्हणाला, म्हातारपणीही सापडतात. या फरकाचं एक कारण मला ओळखीचं वाटलं. ऊती टिकवणाऱ्या फॉर्मॅलिन या द्रावातले मेंदू मी आयुष्यभर हाताळले. ऊती त्या द्रावात जास्त वेळ राहिली, तर कोवळ्या पेशीची ओळख पटवणाऱ्या प्रथिनाची खूण पुसट होते. २०१९ मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी हेच दाखवून दिलं. २०२५ मध्ये प्रौढ माणसांत विभाजन होणाऱ्या मूळ पेशीही (ज्यांच्यापासून नव्या चेतापेशी तयार होतात) सापडल्या, काहींत बऱ्याच, काहींत अगदी नगण्य. त्यामुळे माझं मत असं : तुमची मुलगी बरोबर आहे. पण तुमच्या जर्मनचा बराचसा भार जुन्या पेशींवर आहे. त्यांच्यातल्या जोडण्या ५८ व्या वर्षीही बदलतात. ती दोन क्रियापदं शेजारी-शेजारी घोकू नका. एक आज वाक्यात वापरा, दुसरं चार दिवसांनी, वेगळ्याच प्रसंगात.

प्रश्न : परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. ‘मेंदूच्या पेशी वाढवणाऱ्या’ गोळ्या घेऊ का?

उत्तर : नको. माणसात तसं सिद्ध झालेली एकही गोळी माझ्या वाचनात नाही. आणि समजा, आज एखादी पेशी जन्मली, तरी उंदरातसुद्धा ती जाळ्यात नीट जोडली जायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर तुमचा निकालही लागलेला असेल. जे वाचलंय ते पुस्तक मिटून स्वतःला विचारा, आणि रात्री पुरेशी झोप घ्या.